बारा लिटरचं भांडं

काठीची सगळ्यात खालची खाच भांड्याच्या काठाच्याही चार बोटं वर राहिली. ओलाउगने काठी उचलली, पुसली, पुन्हा बुडाला टेकवली, जणू मघाशी ती नीट टेकलीच नव्हती. खाच तिथेच. भांडं तिच्या घरातलं सर्वांत मोठं, बारा लिटरचं, वर्षातून एकदा नाताळला खारवलेल्या बरगड्या वाफवण्यापुरतं फडताळावरून खाली उतरणारं. एरवी त्यात ती शिलाईचं सामान ठेवायची. काठी मात्र वडिलांची. रोवनच्या झाडाच्या लाकडाची, अंगठ्याएवढी जाड, मुठीपाशी हाताच्या तेलाने काळी पडलेली. तिच्यावर फक्त दोन खाचा. वरच्या खाचेचा अर्थ इथवर भर, आणि खालच्या खाचेचा अर्थ इथवर आलं की आग ओढून घे. तिच्या वडिलांनी चौपन्न वर्षांत तिच्याशी जे काही बोलून दाखवलं होतं, त्यातलं बरंचसं याच धाटणीचं होतं. इथवर ये. आता पुरे. आणि आज बर्गनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या या स्वयंपाकघरात, काचेच्या सपाट शेगडीवर, खिडकीबाहेर नेहमीचा पाऊस पडत असताना, तिच्या भांड्यात ते दोन्ही हुकूम लागूच होत नव्हते. काठी भांड्यात उभी राहिली की अशी दिसत होती जणू एखादा उंच माणूस लहान मुलांच्या टबमध्ये पाय बुडवून उभा आहे आणि तरीही अंगावरचा कोट काढायला तयार नाही. तिला हसू आलं, आणि हसता हसता आपल्याला गेल्या रविवारपासून पहिल्यांदा हसू येतंय हेही लक्षात आलं, मग ते थांबलं.

वडील रविवारी गेले. माती त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. मधले दिवस मोजायचं कारण एवढंच, की त्यांच्या दरीत, व्हॉसच्या वरच्या अंगाला, ज्या घरात बिअर होत आली त्या घरातला माणूस गेला तर त्याच्या मयताला त्याच घरची बिअर लागते, त्याच घरच्या विरजणाची, म्हणजे बिअर फसफसवणाऱ्या यीस्टची. लाकडी वाडगा तीनदा फिरतो. एकदा गेलेल्यासाठी, एकदा मागे राहिलेल्या घरासाठी, एकदा आलेल्या माणसांसाठी. दोनदाच फिरला तर तिसऱ्यांदा काय झालं याची चर्चा पुढची वीस वर्षं चालते. तुर्स्टाइनने, म्हणजे तिच्या वडिलांनी, असल्या चर्चा स्वतः चालवल्या होत्या. दरीत कुणाच्या बिअरला काय म्हणायचं हे लोक आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत.

बाबांचा बिअर उकळायचा हंडा कुठे आहे ते विचारायला तिने धाकट्या भावाला फोन केला होता. आइविंद गाडीत होता. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला आणि त्या वेळात तिला गाडीच्या वळणदिव्याची टिकटिक ऐकू येत राहिली. मग तो म्हणाला की हंडा नाहीये. बाबा वृद्धाश्रमात गेले, चुलीची खोली पाडली, तेव्हाच डोंगरावरच्या एका हॉटेलवाल्याने मागितला. दीडशे लिटरचा तांब्याचा हंडा ठेवणार कुठे. आता तो त्यांच्या दिवाणखान्यात असतो, शेकोटीजवळ. चकाचक घासलाय त्यांनी, असं आइविंद म्हणाला आणि ओलाउगच्या दाताखाली काहीतरी करकरलं, कारण त्या हंड्याला बाहेरून कधी कुणी घासलं नव्हतं. त्याची काजळी हा त्याचा सदरा होता.

“फुलं तर लावली नाहीत ना त्यात?”

“नाही गं. सरपण ठेवतात.”

“मग बरंय. आगीपाशी तरी आहे.”

यावर तो जरा मऊ झाला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला, की आता कोण पितं ती, पोरांना तर वासही सोसत नाही, दुकानातून बाटल्या आणू, कॉफी आहे, मलईचा केक सांगितलाय, लेफ्सेच्या पातळ पोळ्या करायला बायका येणार आहेत. आणि विरजण तरी कुठे आहे. त्याच्याकडचं तर स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा फ्रीझर आठवडाभर बंद होता त्यात गेलं. ओलाउग म्हणाली, माझ्याकडे आहे. मग ती म्हणाली की मी करणार आहे. कशात, असं त्याने विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं.

“बरगड्यांच्या भांड्यात?” आइविंद नाकातून हसला, अगदी बाबांसारखा. “आणि वाढणार कशी, चमच्याने? तीस माणसं येतायत, ओलाउग.”

“चमचे तू आण,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

विरजण खरंच होतं. फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, गोठलेल्या ब्लूबेरींच्या मागे, एका तपकिरी पाकिटात, सुकवलेल्या करड्या पापुद्र्यांच्या रूपात. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी पोस्टाने पाठवलं होतं. दरीतली रीतच तशी: विरजण एकाच घरात ठेवायचं नाही, एकाचं नासलं तर दुसऱ्याकडून आणता यावं. पूर्वी शेजाऱ्याकडे ठेवत. नंतर शेजारी उरले नाहीत तेव्हा मुलीकडे. पाकिटावर त्यांच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: ओलाउग. फ्रीझरमध्ये ठेवणे. उघडू नये. आत चिठ्ठी नव्हती. तेव्हा तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. पाकीट आलं, ठेवलं. पण या आठवड्यात ती रोज कामावरून आली की कप्पा ओढून ते पाच शब्द वाचत होती आणि रोज ते थोडे थोडे बदलत होते. पहिल्या दिवशी त्यांत विश्वास दिसला. माझ्या पणजोबांपासूनचं जे काही आहे ते तुझ्याकडे देतोय. दुसऱ्या दिवशी त्यात तिजोरी दिसली. तिजोरीला आपण काही सांगत नाही, तिने आपल्याला काही विचारायचं नसतं. तिसऱ्या दिवशी तिला चुलीच्या खोलीचा उंबरठा आठवला. त्या उंबरठ्यापर्यंत ती जुनिपरच्या झुडपाच्या, बिअरच्या पाण्यात उकळायच्या काटेरी फांद्यांचे भारे आणून टाकायची, हाताला चिकट वास लागायचा, आणि आत वडील काठी हातात धरून वाफेत उभे असायचे, देवळात उभे राहिल्यासारखे. भारा टाकला की ते न बघता म्हणायचे, ठेव तिथे. पुढे आइविंद सोळाचा झाला तेव्हा काठी त्याच्या हातात आली. त्याला तिचा कंटाळा होता. विरजण घालायच्या वेळी आत पुरुष ओरडायचे. रीत आहे. जितकी मोठी आरोळी तितकी तेज बिअर. दार मात्र तेवढ्यापुरतं लावून घेत, कारण बाईचा आवाज पडला तर आंबते, असं वडील सांगत. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं तिने एकदा विचारलं होतं. माझ्या, असं ते म्हणाले होते, आणि आई पाठमोरी होऊन हसली होती.

ती शहराच्या पाणीखात्यात आहे. वीस वर्षं. तळ्यांच्या पातळ्या, नमुने, अहवाल. वडिलांना हा विनोद जन्मभर पुरला. आमची ओलाउग पाणीवाली, ते पाहुण्यांना सांगत. बर्गनमध्ये आभाळातून फुकट पडतं ते मोजायला तिला पगार देतात. पाहुणे हसले की पुढचं ठरलेलं असे: बिअर करणाऱ्याच्या घरात पाण्याची नोकरी, बघा. आणि ती वाडगा घेऊन पुढच्या माणसाकडे जायची.

बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या बाईने तिला सगळ्यात आधी भांडं किती लिटरचं हे विचारलं. बारा म्हटल्यावर ती म्हणाली, मग सोपं आहे, सगळ्याला भागून टाका. तेवढं ओलाउगला येत होतं. मोड आणून वाळवलेले जव भागले. फांद्या भागल्या. फांद्या तिच्याकडे होत्याच. सोमवारी वडिलांना शेवटचं बघून, त्यांची काठी घेऊन परत येताना तिने गाडी थांबवून त्यांच्याच उतारावरून कापून घेतल्या होत्या, पावसात, चांगल्या बुटांनिशी. जव भिजवायला सहलीची मोठी थंड पेटी होती, ती उष्णताही तशीच धरते. तिच्यातून वीस लिटर गोड, दाट काढा निघेल असा हिशेब होता. अडचण उकळण्याची. भांड्यात एका वेळी दहा लिटर. ते आटून निम्मं, म्हणजे पाच. दोनदा केलं तर दहा लिटर बिअर. तीस माणसांत दहा लिटर म्हणजे वाडगा एकदा नीट फिरेल आणि दुसऱ्या वेळी दाराजवळच्या लोकांपर्यंत पोचणार नाही. गेलेल्यासाठी होईल, घरासाठी अपुरी, आलेल्यांसाठी काही नाही. तिने कागद उलटा केला आणि मागे पुन्हा मांडलं. भागाकार काही बदलला नाही. जे काही ती भागू शकत होती ते तिने भागलं होतं. एक गोष्ट मात्र भागायचं तिच्या मनातही आलं नाही. ती म्हणजे वेळ. काढा चार तास उकळायचा. तीन तासांची बिअर म्हणजे गाडी चुकेल म्हणून धावणाऱ्या माणसाची बिअर, असं वडील म्हणत, आणि गाडीने शहरात जाणारी घरात एकटी तीच होती.

शनिवारी सकाळी नऊला जुनिपरचं पाणी उकळलं आणि घराला दुसरंच घर आल्यासारखं झालं. राळ, ओलं गवत, जळलेली साल, मेंढ्यांची लोकर. वास आधी पडद्यांत शिरला, मग तिच्या केसांत, मग जिन्यात. ती जवांवर पाणी ओतत होती, पेटीचं झाकण लावत होती, टॉवेल गुंडाळत होती, आणि हात असे चालत होते जणू त्यांना सगळं ठाऊक आहे. खरं तर त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते फक्त उंबरठ्यावरून पाहिलं होतं. पण बघून बघूनही माणसाच्या हातात काही उतरत असेल, घरातल्या मांजराला कुठल्या फडताळात लोणी आहे हे ठाऊक असतं तसं. अकराच्या सुमाराला घंटी वाजली. दारात सोसायटीची अध्यक्ष विग्दिस, वरच्या मजल्यावरची, पायात लोकरीचे मोजे आणि चेहऱ्यावर नियमावलीचं पान. तिने विचारलं की तुम्ही नाताळचं झाड उकळताय का. ओलाउगने सांगितलं की वडील वारले आणि त्यांच्या मयताची बिअर करतेय. विग्दिसचं पान मिटलं. ती पूर्वेकडची, ऑस्लोच्या अंगाची. तिकडे माणूस गेला की मेणबत्ती लावतात आणि सँडविच खातात. थोडं थांबून ती म्हणाली की वाईट वाटलं, आणि हे किती वेळ चालेल. चार तास, ओलाउग म्हणाली. मग जिन्यातली खिडकी उघडते मी, असं म्हणून विग्दिस वर गेली. जाता जाता तिने नाकाने एक लांब श्वास घेतला हे ओलाउगने पाहिलं. तक्रार करणारा माणूस असा श्वास घेत नाही.

बारा वाजता पहिले दहा लिटर भांड्यात चढले. उरलेले दहा बादलीत झाकून ठेवले. काठी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिला या कामात काही करण्यासारखं नव्हतं. ओलाउग खुर्ची ओढून शेगडीजवळ बसली. उकळणाऱ्या काढ्याचा एक आवाज असतो, पाण्याच्या आवाजाहून जाड, कुणीतरी तोंड मिटून बोलत असल्यासारखा. तो ऐकता ऐकता तिला ओड्नेचा दिवस आठवला. ओड्ने समोरच्या उताराचा, वडिलांपेक्षा चार वर्षांनी लहान, गप्प माणूस. त्याचा हंडा लहान होता, वडिलोपार्जित आणि एका कडेने पातळ झालेला, आणि थोरल्या मुलीचं लग्न अचानक ठरलं तेव्हा सगळी दरी त्याच्या अंगणात आली. वाडगा फिरला. वडिलांपर्यंत आला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला, आणि भरलेला वाडगा परत टेबलावर ठेवला, फार हळू, एक थेंबही न सांडता. मग म्हणाले, पाणी छान आहे तुझ्या विहिरीचं. तेवढंच. सगळे हसले. बारा वर्षांची ओलाउगही हसली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती, कारण वडिलांनी मान वळवून आपल्याकडे बघावं असं तिला वाटत होतं. त्यांनी बघितलं. ओड्नेनेही बघितलं. सगळ्यांना पुरावी म्हणून त्याने उकळून झाल्यावर पाणी घातलं होतं. आग पेटल्यावर पाणी नाही, हा नियम. त्यानंतर ओड्नेच्या चुलीच्या खोलीतून कधी धूर निघाला नाही. बेचाळीस वर्षं. आणि वडील दरवर्षी नाताळला त्याच्याकडे एक बाटली पाठवत राहिले, आपण चांगले शेजारी आहोत अशा समजुतीने.

घड्याळ बघून ती उठली तेव्हा तीन तास झाले होते. खरं तर तिला घड्याळाने उठवलं नाही, वासाने उठवलं. वास गोडपणाच्या पलीकडे गेला होता, भाजलेल्या साखरेच्या, आणखी थोड्या वेळाने कोळशाच्या होणाऱ्या वाटेवर. तिने भांडं बाजूला ओढलं. तळाशी तीन बोटं काळं, दाट, चमच्यावरून उतरायला तयार नसलेलं काहीतरी. दहा लिटरांतले दोनही उरले नव्हते. ती उभी राहिली. हात ओट्यावर टेकले आणि ओटा गार होता हे तिला बरं वाटलं. लहान तळं मोठ्या तळ्याच्या आधी आटतं, हे ती वीस वर्षं अहवालांत लिहीत आली होती. उघडं तोंड तेवढंच मोठं, पण पोटात पाणी कमी. कोरड्या वर्षी कुठलं तळं आधी तळ दाखवेल हे ती झोपेत सांगू शकली असती. आणि स्वतःच्या शेगडीवर मात्र ती चार तास म्हणजे चार तास म्हणून बसली होती, कारण ते एका माणसाने म्हटलं होतं. त्या माणसाच्या हंड्यात दीडशे लिटर होते. त्याच्याकडे खाच आणि घड्याळ एकाच वेळी पोचत. त्यामुळे हे दोन वेगळे नियम आहेत हे त्याला जन्मभर कळलंच नाही. तिच्या भांड्यात दोन्ही एकत्र मावत नव्हते. खाच पाळली तर दोन तासांत थांबायचं, आणि मग ती वडिलांची बिअर नाही, पिवळी, कोवळी, कुणाचीही. वेळ पाळली तर भांड्यात बिअरच नाही.

तिने चमचा बोटाने पुसून चाटला. जीभ आधी गोडीने मिटली आणि मग, फार मागून, घशाच्या तोंडाशी, ते आलं. जळकट राळ, मनुका, धुराची शिवण. नाताळच्या आदल्या दिवशी वडील अंगणातून आत आले की त्यांच्या कोटाला जे असायचं ते. सगळं तिथे होतं. काही गेलं नव्हतं. फक्त पाणी गेलं होतं. ही वडिलांचीच बिअर होती, तिच्यात बाकी सगळं होतं. कमी होतं ते पाणीवालीकडे असणारं.

मग ती घाईत नव्हती, पण थांबलीही नाही. बादलीतला उरलेला दहा लिटर काढा तिने त्या काळ्यावर ओतला. भांडं काठोकाठ भरलं, तळाचं सुटून वर आलं, रंग गडद तांबडा झाला. आणखी एक तास. म्हणजे घड्याळाचे चार झाले. तुम्ही म्हणालात तेवढेच, ती मनात म्हणाली, त्यात मी काही कमी केलेलं नाही. तासाने भांड्यात दहा लिटर राहिलं, इतकं दाट की बिअर म्हणून प्यायलं तर माणूस टेबलावरच झोपेल. आता दुसऱ्या पातेल्यात जुनिपरचं पाणी होतं, सकाळचं, पुन्हा उकळलेलं, चहासारखं पिंगट. ते मापून नऊ लिटर निघालं. दाट काढा तिने मोठ्या बादलीत ओतला, मग ते पातेलं उचललं आणि त्यावर धरलं. इथे मात्र तिचा हात थांबला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तरी तिने मागे वळून बघितलं. कोपऱ्यात काठी उभी होती. टेबलावर ठेवलेल्या भरल्या वाडग्याचा तो हळू, एकही थेंब न सांडणारा आवाज तिला ऐकू आला, आणि त्याच्यामागे एका बारा वर्षांच्या मुलीचं हसू. त्या हसण्याचा तिला एवढा राग आला की हात आपोआप वाकला. पाणी पडलं. पडत राहिलं. काळं तांबडं झालं, तांबडं उजळलं, आणि नवव्या लिटरला रंग बरोबर तिथे येऊन थांबला जिथे तो तिच्या आठवणीत होता. “पाणी छान आहे,” ती मोठ्याने म्हणाली.

बादली न्हाणीघरात नेली आणि काढा हाताला सोसेल इतका निवेपर्यंत तिच्यावर बाहेरून गार पाणी सोडलं. विरजणाला ऊब लागते, अंगाच्या तापाएवढी, आणि इमारतीतल्या प्रत्येक न्हाणीघराची फरशी खालून गरम होते. तिने कळ शेवटपर्यंत फिरवली. बादलीला रजई गुंडाळली, वर आपला लोकरीचा स्वेटर चढवला, त्याच्या बाह्या पुढे बांधल्या. तोवर सहा वाजले होते. पाकीट तिने कात्रीने कापलं नाही. बोटाने फाडलं, ‘उघडू नये’ या शब्दांच्या बरोबर मधून. पापुद्रे पोरक्यासारखे हलके होते, नऊ वर्षं झोपलेले. जिवंत आहेत की नाही ते सांगायला कुणी नव्हतं. थोडे मागे ठेवावे असं क्षणभर वाटलं. पण इतक्या जुन्या विरजणातून थोडं काढून घेणं म्हणजे दोन्हीकडे मरू देणं. तिने सगळे घातले. आणि दार लावलं नाही. ती बादलीजवळ गुडघ्यांवर बसली, तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा नुसती खाकरली. चौपन्न वर्षांच्या बाईला ओरडायची सवय नसते. ओरडायचं ठरवलं तरी गळ्यात आधी नेहमीचं सौजन्य येतं. मग ती ओरडली. आवाज फरशांवर आपटला, नळांच्या चौकटीत शिरला आणि पाचही मजल्यांना सांगत वर गेला. मग छताच्या जाळीतून विग्दिसचा आवाज आला, सगळं ठीक आहे ना तिथे, असा.

“ठीक आहे. अजून एकदा ओरडायचंय.”

“मग ओरड की,” जाळी म्हणाली.

दुसऱ्यांदा ती ओरडली त्यात वडील होते, हंडा होता, दीडशे लिटरांत बुडवून कोरलेल्या दोन खाचा होत्या, ठेव तिथे होतं. ते बाईच्या आवाजाने आंबायचं असेल तर आंबून जाईल, एवढंच. तिचा घसा पुढे दोन दिवस बसला आणि पाणीखात्यात सगळ्यांनी दुःखाने बसला असं धरलं. तेही काही खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी बादली जिवंत होती. झाकणाखाली पिंगट, जाड, कुरळा फेस, संत्र्याच्या सालीचा वास. ती फरशीवर बसून ऐकत राहिली. मंगळवारी आवाज थांबला. तळाशी बसलेला मलईसारखा साका, म्हणजे नवं विरजण, तिने एका स्वच्छ बरणीत काढून घेतलं. बरणीवर चिठ्ठी चिकटवली, पेन हातात घेतलं, आणि काही लिहिलं नाही.

शुक्रवारी चर्चच्या मागच्या दालनात तीस नव्हे, चौतीस माणसं होती. वडिलांचा फोटो खिडकीशेजारच्या टेबलावर, काठी हातात घेतलेला, कपाळाला आठी. आइविंदने दुकानाच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या टेबलाखाली ठेवल्या, लागल्या तर असाव्यात म्हणून; आणि खरोखरच खिशातून सहा चमचे काढून तिच्यासमोर मांडले. तिने ते केकच्या ताटाशी सरकवले. मग वाडगा भरला आणि तो निघाला. पहिल्यांदा, गेलेल्यासाठी, लोक बघत होते ते जिथे पूर्वी बघायचे तिथेच, फोटोकडे. फोटोने काही सांगितलं नाही. मग त्यांनी स्वतःच पुन्हा एक घोट घेतला. आइविंदने घेतला आणि वाडगा पुढे द्यायला विसरला. मग म्हणाला, तीच आहे गं, आणि त्याचा आवाज नाकातून आला नाही.

दुसऱ्या फेरीत वाडगा सगळ्यात शेवटी ओड्नेपाशी आला. सत्याऐंशी वर्षांचा, कानाला यंत्र, कोटाची बटणं गळ्यापर्यंत. पहिल्या वेळी त्याने ओठ लावून पुढे दिला होता. आता त्याने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. वाडगा दोन्ही हातांत घेऊन तो ओलाउगकडे बघू लागला. तेच डोळे. ती उठून त्याच्याजवळ गेली, कारण हे खोलीच्या पलीकडून ऐकायचं नव्हतं.

“पाणी आहे यात,” ओड्ने म्हणाला.

“आहे. नऊ लिटर. उकळून झाल्यावर घातलं.”

ओड्नेने फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला वाटलं तो वाडगा टेबलावर ठेवेल, फार हळू. आज त्याला तो हक्क होता, आणि त्याने तसं केलं असतं तरी ती तिथून हलणार नव्हती. त्याने वाडगा तोंडाला लावला आणि रिकामा केला. मग तो पालथा धरून बघितला. एक थेंब टेबलाच्या पांढऱ्या कापडावर पडला. त्याने तो अंगठ्याने पुसला.

“तिसऱ्यांदा फिरेल का?”

“फिरेल. वर उरेल.”

मग त्याने विचारलं की विरजण राहिलंय का थोडं. तिने सांगितलं की आहे, बरणी पर्समध्येच आहे, निम्मं तुमचंच. तो म्हणाला की चुलीच्या खोलीत आता कोंबड्यांच्या दाण्याची पोती आहेत, ती हलवावी लागतील. आणि मग, बेचाळीस वर्षं ज्या आवाजात बोलायला तो तयार झाला नव्हता त्या आवाजात:

“पण माझा हंडा लहान आहे. ठाऊक आहे ना तुला?”

“मग पाणी घाला,” ओलाउग म्हणाली. हे ती जरा मोठ्यानेच म्हणाली, खिडकीशेजारच्या फोटोला ऐकू जावं इतपत, आणि रिकामा वाडगा घेऊन तिसऱ्या फेरीसाठी भरायला गेली.